जेवणारा तोच परीक्षक

गृहविज्ञान म्हटलं की आपल्याकडे अजूनही पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: मुलींचा विषय, त्यातही सोपा. दहावीला मार्क कमी पडलेल्या मुलीला अकरावीत हा विषय घ्यायला सांगणारे पालक साताऱ्यातही भेटतात आणि सांगलीतही. पण या दोन जिल्ह्यांत घर चालवायला कोण, कसं शिकलं आणि ते शिकणं कुणी तपासलं, याचा गेल्या शंभर वर्षांचा मागोवा घेतला तर वेगळंच काही हाती लागतं. या विषयाची इथली पहिली कसोटीची परीक्षा मुलग्यांनी दिली, आणि तिला प्रश्नपत्रिका नव्हती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये संस्थेचं काम साताऱ्याला आलं, वसतिगृह सुरू झालं, आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसत ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत येते आणि यायलाच हवी. पण त्या पंगतीआधीचं काम कुणी केलं, हे सहसा सांगितलं जात नाही. पाणी भरणं, झाडलोट, शेतातलं काम, स्वयंपाक हे सगळं मुलांच्या वाट्याला होतं. स्वावलंबन हे संस्थेचं ब्रीद, आणि ते रोज चुलीपाशी तपासलं जायचं.

ज्वारीची भाकरी ज्यानं स्वतः थापली आहे त्यालाच यातली परीक्षा कळेल. पाणी कमी ऊन असलं तर पीठ चिकट येत नाही आणि भाकरी परातीतून उचलताना चिरते. काठ जाड राहिला तर आत कच्ची लागते. पाणी फिरवायला उशीर झाला तर वरून तडकते. पापुद्रा नीट सुटला तरच ती जमली म्हणायची. दहा-बारा वर्षांच्या पोरानं हे पंगतीसाठी करायचं, आणि शेजारी बसलेला दोस्त पहिला घास तोंडात घालून सांगणार की जमलं की बिघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पीठ, तीच परात. चूक कळते, ती का झाली हे कळतं आणि सुधारायला उद्याचा दिवस मिळतो. मूल्यमापनावरची जाडजूड पुस्तकं ज्यासाठी धडपडतात ते सगळं इथे एका घासात होतं. धान्य किती उरलं हा हिशेबही त्यातलाच भाग होता, कारण ते धान्य मुष्टिफंडातून आलेलं असे. गावोगावच्या बायका रोजच्या दळणातून एक मूठ बाजूला काढत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. अशा घरात भाकरी करपवणं म्हणजे कुणाची तरी मूठ वाया घालवणं, हे पोरांना वेगळं शिकवावं लागलं नसणार.

त्याच सुमारास दुसरा प्रवाह पुण्याकडून येत होता. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा जपानमधल्या महिला विद्यापीठाचा नमुना त्यांच्यासमोर होता. आरोग्य आणि घरगुती जीवनाचं शास्त्र त्यांनी अभ्यासक्रमात आणलं. त्यांच्या संस्थेच्या कन्याशाळा पुढे साताऱ्यात आणि वाईतही चालल्या. घरकामाला शास्त्राचा दर्जा मिळाला ही कर्व्यांची मोठी देणगी. पण त्याबरोबर हे शास्त्र बायकांचं, असा शिक्काही बसला. वसतिगृहातल्या मुलाची भाकरी ‘स्वावलंबन’ ठरली, कन्याशाळेतल्या मुलीची भाकरी ‘गृहिणीपद’. काम एकच, पण त्याची दोन मोजमापं झाली, आणि मला वाटतं या विषयाचं पुढचं बरंचसं नुकसान तिथून सुरू झालं.

1937 च्या वर्धा परिषदेनं हाताच्या कामातून शिक्षण, म्हणजेच नई तालीम, ही कल्पना देशापुढे मांडली. पण नई तालीमची चर्चा बहुतेक वेळा चरख्याभोवतीच फिरली. चूल तिच्यात मागेच राहिली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे गृहविज्ञानाची मोठी महाविद्यालयं उभी राहिली. दिल्लीचं लेडी आयर्विन 1932 चं, बडोद्याची गृहविज्ञान विद्याशाखा 1950 ची. त्यांनी अमेरिकेतून एक पद्धत आणली: विद्यार्थिनींनी काही आठवडे एका घरात एकत्र राहायचं, ठरलेल्या पैशांत ते घर चालवायचं आणि त्यावर गुण मिळवायचे. अमेरिकेत ही पद्धत फार पुढे गेली होती. कॉर्नेल विद्यापीठानं 1919 पासून अनाथाश्रमातून खरं तान्हं बाळ आणून विद्यार्थिनींच्या हाती दिलं. आलटून पालटून एकेकीनं आई व्हायचं, आणि वर्षभरानं बाळ परत. 1969 पर्यंत हे चाललं. परीक्षा खरी असावी असं मी म्हणतो, पण या उदाहरणापाशी थांबतो. भाकरी करपली तर दोस्त तोंडावर सांगतो. दर आठवड्याला आई बदलली तर तान्ह्या बाळानं कुणाला सांगायचं? ज्याच्यावर परीक्षा बेतते त्याला बोलता आलं पाहिजे, ही अट त्यात हवीच.

आपल्याकडे 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि सातारा-सांगलीची महाविद्यालयं त्याच्या छायेत आली. अकरावी-बारावीत अन्नशास्त्र, वस्त्रशास्त्र, बालविकास, गृहव्यवस्थापन असे विषय आले. त्यांच्याबरोबर आली जर्नल, तोंडी परीक्षा आणि बाहेरून येणारे परीक्षक.

ही प्रात्यक्षिक परीक्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र लगेच येईल. चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत ‘मधुमेही व्यक्तीसाठी दुपारचं जेवण’. मुलगी उष्मांकांचा तक्ता लिहिते, एका माणसापुरतं शिजवते, ताटाला काकडीची फुलं लावते. परीक्षक चमचाभर चाखतात, दोन प्रश्न विचारतात, पुढच्या टेबलाकडे जातात. तिच्या घरी कदाचित खरोखरच मधुमेही आजोबा असतील, सकाळी चहात दोन चमचे साखर घालून घेणारे. त्यांना नाचणीच्या भाकरीवर कसं आणायचं, ही तिची खरी परीक्षा. त्या परीक्षेला टेबल नाही, गुणही नाहीत. जर्नल तर बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या मुलीची उतरवलेली. दोष मुलींचा नाही, परीक्षकांचाही फारसा नाही. तीन तासांत घर मांडायला सांगितलं तर मांडणीच तपासली जाणार.

तरीही त्या चौकटीतल्या काही कसोट्या खणखणीत होत्या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हाताशी असलेल्या जिल्ह्यात जॅम हे आवडतं प्रात्यक्षिक. जॅम झाला की नाही हे चमचा सांगतो: उचलून तिरका धरला की थेंब थेंब गळला तर कच्चा, पदर होऊन घसरला तर तयार. त्यामागे शास्त्र आहे. विद्राव्य घटक 68 टक्क्यांच्या वर गेले की तो टिकतो. साखर, फळातलं आम्ल आणि पेक्टिन यांचं प्रमाण चुकलं तर सुबक अक्षरात लिहिलेली कृती वाचवू शकत नाही.

सांगलीकडे हेच काम हळदीनं केलं. तिथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारातल्या व्यापाऱ्याला हळकुंड मोडून, वास घेऊन, आतला रंग पाहून भाव करायची सवय त्याच्या कितीतरी आधीची. भेसळ ओळखण्याचं प्रात्यक्षिक अशा गावात वेगळीच धार घेतं. परीक्षानळीत हळद, पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. गुलाबी रंग आला म्हणून घाई करायची नाही, कारण शुद्ध हळदही आम्लात रंग बदलते. आता पाणी वाढवायचं. रंग गेला तर हळद चांगली, टिकून राहिला तर मेटॅनिल यलो या भेसळीच्या रंगाचा संशय. जिची घरची हळद बाजार समितीत जाते ती मुलगी ही नळी उजेडाकडे धरते तेव्हा ती एकाच वेळी ग्राहकही असते आणि उत्पादकही. ग्राहक संरक्षण कायद्याची कलमं पाठ करण्यापेक्षा ही पाच मिनिटं मला मोलाची वाटतात.

माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी परीक्षा मात्र कुठल्याच शाळेत झाली नाही. ती माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी दिली.

सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा तिथे काम करत होत्या. रस्त्याकडेला राहून मजुरी करणाऱ्या बायकांना पैसे साठवायचे होते. पावसाआधी घरावर ताडपत्री घालायची इतकीच एकीची गरज, पण एवढ्या थोडक्या बचतीचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. मग आपलीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर, कागदावर अंगठे. त्या लिहायला-वाचायला शिकल्या. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज गेला तेव्हा त्यांच्यातल्या पंधराजणी सोबत गेल्या. आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावलं. वाचता येत नव्हतं, पण हिशेब येतो. कुठलीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनाही गणकयंत्राशिवाय काढायला सांगा, मग पाहू कोण आधी सांगतं. परवाना मिळाला आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते. मी ती मूल्यमापनाची गोष्ट म्हणून वाचतो. परीक्षा घेणाऱ्यांनी सही तपासली होती, बायकांनी त्यांना सांगितलं की बँक चालवायला जे लागतं ते तपासा. त्यांना नापास केलं होतं ते चुकीच्या पेपरात. पुढे 2006 मध्ये माणदेशीनं ग्रामीण बायकांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा सुरू केली. घरखर्च आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवणं, नफा काढणं, कर्ज किती झेपेल याचा अंदाज बांधणं हे गृहअर्थशास्त्र तिथे खऱ्या रुपयांवर शिकवलं जातं.

शाळांपर्यंत हा विचार यायला वेळ लागला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ते स्वतः अन्नतंत्रज्ञानातले संशोधक, हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून दुष्काळी गावात आलेले. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात गृह-आरोग्य हा विभाग शेती आणि वेल्डिंगच्या बरोबरीनं होता, आणि मुलगे-मुली दोघांनाही सक्तीचा. मुलग्यानं शिवण मारायची, मुलीनं वेल्डिंग. बनवलेली वस्तू गावात विकली जावी, केलेली सेवा गावाच्या उपयोगी पडावी, हा त्यातला कणा. शाहू बोर्डिंगनंतर घरकाम पुन्हा मुलग्यांकडे आलं ते असं, साठ वर्षांनी.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कार्यानुभवाला लेखी परीक्षाच उरली नाही. निरीक्षण, कृती, प्रकल्प, गटकार्य, मुलानं स्वतःचं आणि सोबत्याचं केलेलं मूल्यमापन असं सगळं कागदावर आलं. निर्णय चांगला, पण अनेक शाळांत नोंदी सत्र संपताना एका बैठकीत भरल्या गेल्या आणि सगळ्यांनाच ‘अ’ मिळाला. जिथे शिक्षक खरोखर पाहत होते तिथे मात्र बदल दिसला. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत, आणि 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमामागे त्या कामाचाही हात होता.

याच वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांतून बालबाजार रुजला. शाळेच्या पटांगणात पोती अंथरून पोरं बसतात. मेथी, कोथिंबीर, भडंग, घरून आणलेले वडे. एखादा तिसरीतला मुलगा पाच रुपयांची जुडी चारला देतो, कारण समोर मावशी आहे. शेजारची मुलगी पाणी मारून पालक ताजी ठेवते. संध्याकाळी गल्ला मोजताना घरून आणलेल्या मालाची किंमत कुणी धरलीच नाही, म्हणून सगळ्यांनाच नफा दिसतो. इथे जो शिक्षक थांबून विचारतो, ‘तेल कुणाच्या घरचं, गॅस कुणाचा, आईची दुपार किती रुपयांची?’ तो गृहव्यवस्थापनाचा धडा घेतो. जो फोटो काढून गटावर टाकतो त्याचा नुसता बाजार भरतो.

कोविडच्या दोन वर्षांत परीक्षा घरातच गेली. पोरांनी स्वयंपाकाचे व्हिडिओ पाठवले आणि कित्येकांत कडेनं आईचा हात दिसत राहिला. 2021 ची बारावीची लेखी परीक्षा रद्द झाली, निकाल दहावी-अकरावी-बारावीच्या 30:30:40 अशा सूत्रावर लागला. घर हीच प्रयोगशाळा झाली होती, तेव्हा घरातल्या माणसांनाच विचारता आलं असतं की ही पोर काय शिकली. ती संधी फार कमी ठिकाणी घेतली गेली.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगती पत्रक येतं आहे. त्यात विद्यार्थी स्वतः, सोबती आणि शिक्षक तिघांचं म्हणणं असेल, घरालाही जागा असेल. माझी मागणी या दोन जिल्ह्यांपुरती आणि साधी आहे. माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या नववीच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला उन्हाळ्याच्या तोंडावर एक महिना घरच्या पाण्याचा हिशेब द्या. टँकर कधी आला, किती हंडे मिळाले, पिण्याला, भांड्यांना, जनावराला किती गेले, कपडे धुतलेलं पाणी कुठे वापरलं, आणि हंडा कुणी वाहिला. महिन्याच्या शेवटी ती वही घरातली पाणी भरणारी बाई तपासेल. तिला वाचता येत नसेल तर पोरानं तिला वाचून दाखवायची. गुण तिनं द्यायचे, आणि शिक्षकांनी ते तसेच पत्रकात उतरवायचे.