कळफलक आणि संगणक यांच्यातील संवाद : मराठी लेखनाच्या संदर्भात

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसरातील महाविद्यालयांत मराठी, सिंधी, हिंदी आणि इंग्रजी या भाषांतील लेखन एकाच प्रकारच्या कळफलकावरून होते. कळांवर अक्षरे मात्र बहुधा इंग्रजीच छापलेली असतात. त्यामुळे मराठीसाठी वेगळा कळफलक हवा, असा समज अध्यापकवर्गातही आढळतो. कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत काय घडते, हे पाहिले असता तो समज टिकत नाही. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा आणि मराठी लेखनावरील तिच्या परिणामांचा विचार केला आहे.

कळफलकाचे अंतरंग

टंकलेखन यंत्रात कळ आणि अक्षराचा खिळा यांचा थेट यांत्रिक संबंध असे. मराठी यंत्रावर इंग्रजी अक्षर उमटणे शक्यच नव्हते. संगणकाच्या कळफलकात असा संबंध नसतो. कळांखाली आडव्या व उभ्या वाहक रेषांचे जाळे असते. कळ दाबली की एक आडवी व एक उभी रेषा परस्परांना जोडली जाते. कळफलकातील लहानसा नियंत्रक हे जाळे अखंड तपासत असतो. कळ दाबताना विद्युत्संपर्क क्षणभर थरथरतो; ते थरथरणे अनेक दाब न मानता नियंत्रक एकच दाब धरतो आणि त्या कळेचा क्रमांक निश्चित करतो.

संदेशाचे स्वरूप

आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ जोडणीत कळफलक स्वतःहून संदेश पाठवीत असे. कळफलकाकडून येणारा प्रत्येक बाइट ११ बिटांच्या चौकटीत बसविलेला असे : आरंभाचा १ बिट, माहितीचे ८ बिट, चूक ओळखण्यासाठी समतेचा १ बिट आणि अखेरचा १ बिट. कळ दाबल्याचा संकेत वेगळा आणि सोडल्याचा वेगळा असे.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी मानकाने ही रीत बदलली. येथे प्रश्न विचारण्याचा अधिकार संगणकाकडे आहे. जोडणी होताच संगणक उपकरणाची ओळख विचारतो. कळफलक आपले वर्णन सादर करतो. त्यानंतर काही मिलिसेकंदांच्या ठरावीक अंतराने संगणक विचारणा करीत राहतो आणि कळफलक केवळ विचारल्यावर उत्तर देतो. या उत्तराचा मूलभूत नमुना ८ बाइटांचा आहे. पहिल्या बाइटात शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या साहाय्यक कळांची स्थिती असते, दुसरा बाइट राखीव असतो आणि उरलेल्या ६ बाइटांत दाबलेल्या कळांचे क्रमांक असतात. इंग्रजी ‘ए’ छापलेल्या कळेचा क्रमांक ४, तर ‘जे’ छापलेल्या कळेचा १३. हा क्रमांक कळेच्या जागेचा निदर्शक असतो. त्या जागी कोणते अक्षर मानायचे, हे संगणक ठरवितो.

संवाद एकेरीही नाही. कॅप्स लॉक दाबल्यावर कळफलक फक्त तिचा क्रमांक कळवितो. दिवा लावण्याची आज्ञा संगणकाकडून परत येते. कॅप्स लॉक चालू आहे की बंद, याचा निर्णयही संगणकाचाच असतो.

क्रमांकापासून अक्षरापर्यंत

आलेल्या क्रमांकाचा अर्थ संगणकातील कार्यप्रणाली तिच्याकडील तक्त्यावरून लावते. भारतीय भाषांसाठीचा असा प्रमाण तक्ता म्हणजे इनस्क्रिप्ट. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ मध्ये प्रमाणित केला आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. या तक्त्यानुसार ‘जे’च्या कळेवर ‘र’ आणि शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घेऊ. दोन्हींसाठी अक्षरांच्या त्याच पाच कळा, त्याच क्रमाने दाबाव्या लागतात : द, र, हलन्त, य आणि काना. फरक एवढाच की ‘दऱ्या’ लिहिताना दुसऱ्या कळेसोबत शिफ्ट दाबलेली असते, म्हणजे संदेशाच्या पहिल्या बाइटातील एक बिट बदलतो. संगणक युनिकोडमधील षोडशमान ०९३० ऐवजी ०९३१ या क्रमांकाची नोंद करतो, फॉन्ट त्यानुसार जोडाक्षराची आकृती रेखाटतो आणि समुद्राच्या डोंगरदऱ्या होतात. कळफलकाला यातील काहीही ज्ञात नसते.

सिंधी भाषेचे उदाहरणही असेच बोलके आहे. ही भाषा अरबी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. एकाच कळेचा तोच क्रमांक निवडलेल्या तक्त्यानुसार उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीतील अक्षर देतो किंवा देवनागरीतील. सिंधीतील विशिष्ट ध्वनींसाठीची ॻ, ॼ, ॾ, ॿ ही देवनागरी अक्षरे २००६ मध्ये युनिकोडच्या ५.० आवृत्तीत समाविष्ट झाली. त्यासाठी नवे कळफलक बनवावे लागले नाहीत. भर घालावी लागली ती संगणकातील तक्त्यांत आणि फॉन्टमध्ये.

अडचणीचे मूळ

मग जुना मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य का दिसतो? युनिकोडपूर्व काळातील अनेक फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या होत्या. पडद्यावर मराठी दिसे. संचिकेत मात्र इंग्रजी अक्षरांचे संकेत साठविले जात. तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. अशा मजकुरात मराठी शब्दाचा थेट शोध घेता येत नाही, अकारविल्हे मांडणी करता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर तो मराठी म्हणून वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये मात्र मजकुराची ओळख फॉन्टवर अवलंबून राहत नाही.

समारोप

कळफलक क्रमांक पाठवितो आणि संगणक त्याला अक्षराचा अर्थ देतो. त्यामुळे मराठी लेखनासाठी महाविद्यालयाने नव्या कळफलकांवर खर्च करण्याची आवश्यकता नाही. कार्यप्रणालीत मराठी तक्ता सुरू करणे, विद्यार्थ्यांना इनस्क्रिप्टचा सराव देणे आणि जुने अभ्याससाहित्य व प्रबंध युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घेणे, ही कामे अगत्याची आहेत. रूपांतर करण्याचे काम लांबणीवर टाकल्यास जुना फॉन्ट व तो वापरणारे जाणकार दोन्ही दुर्मिळ होत जातील आणि आपल्याच विभागांतील श्रमपूर्वक केलेले लेखन आपल्यालाच वाचता येणार नाही.