वरण कमी की जेवणच कमी?

समजा, पनवेलजवळच्या नेरे गावात तुम्ही वर्गातील मुलांची वजने घेतली आणि प्रत्येकजण रोज किती वरण खातो, हेही टिपून ठेवले. कमी वरण खाणारी मुले वजनाला कमी भरली. मग वरणातील प्रथिनांची उणीव हेच त्याचे कारण झाले का?

थांबा! तीच मुले भातही कमी खात असतील तर? दोन गोष्टी बरोबर आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दोन्हींमागे तिसरीच गोष्ट दडलेली असू शकते.

एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने हाच मुद्दा जगापुढे मांडला. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. परतल्यावर नमुना पाहणीने पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज कसा घ्यावा, यावर त्यांनी काम केले. १९५१ पासून सुमारे दोन दशके ते रोम येथील अन्न व शेती संघटनेत होते.

त्या काळी गरीब देशांतील कुपोषणाचे मुख्य कारण प्रथिनांचा तुटवडा, असे बहुतेक तज्ज्ञ मानीत. प्रथिनयुक्त खास पदार्थ बनवण्याच्या योजना निघत. सुखात्मे यांनी आहाराच्या पाहण्यांत प्रथिने आणि उष्मांक एकत्र तपासले. ज्यांना प्रथिने कमी पडत होती, त्यांतील बहुतेकांना उष्मांकही कमीच मिळत होते.

हिशेब करून पाहा. ५०० ग्रॅम तांदूळ व १०० ग्रॅम डाळ यांतून सुमारे २,०५० किलोकॅलरी व ५५ ग्रॅम प्रथिने मिळतात. थोडे तेल व भाजी घातली की बैठे काम करणाऱ्या प्रौढाची गरज साधारणपणे भागते. आता ताट निम्मे करा. दोन्ही आकडे निम्म्यावर येतात! शिवाय इंधन अपुरे पडले की शरीर प्रथिनेच जाळू लागते. सरपण संपल्यावर घराचे वासे चुलीत घालावेत, तसे. मग नुसती प्रथिने वाढवली, तरी तीही बरीचशी चुलीतच जाणार. कारण चुकले की उपाय चुकतो आणि मूल उपाशीच राहते.

कमी उष्मांकांशी शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, हे सुखात्मे यांचे पुढचे मत मात्र अनेकांना पटले नाही. त्यावर मोठा वाद झाला. शास्त्रात थोरांनाही पुरावा द्यावाच लागतो.

आता आपल्या पाहणीकडे वळू. सारखाच भात खाणारी मुले निवडा आणि त्यांच्यात वरणाने फरक पडतो का, ते पाहा. बाकीच्या कोणत्या गोष्टी सारख्या असाव्या लागतील? यादी करा आणि गुरुजींना दाखवा.