दाढीवाला ड्राटहार

जखमी हरीण गर्द झाडीत शिरलं आणि आत कुठेतरी मेलं. शिकारी कडेलाच थांबतो, कुत्रा एकटा आत जातो. परत येतो तेव्हा त्याच्या तोंडात चामड्याचा छोटा तुकडा असतो. एरवी हा तुकडा त्याच्या गळपट्ट्याला लोंबत असतो. मेलेलं जनावर सापडलं तरच त्याने तो तोंडात धरायचा आणि मालकाला तिथवर घेऊन जायचं. मुक्या जनावराने इतकं स्वच्छ सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे शिकवून तयार होणारा कुत्रा म्हणजे जर्मनीचा डॉइच ड्राटहार. 'ड्राट' म्हणजे तार, 'हार' म्हणजे केस.

1848 च्या क्रांतीनंतर जर्मन मुलखात दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारांचा हक्क गेला आणि शिकार जमिनीच्या मालकीशी जोडली गेली. प्रत्येक कामाला वेगळा कुत्रा पाळणं सरदारांना परवडे. नव्या शिकाऱ्याला एकच हवा होता: शेतात तित्तिर हुडकणारा, तळ्यात पोहून बदक आणणारा, जंगलात रक्ताचा माग काढणारा. 'हेगेवाल्ड' या टोपणनावाने लिहिणारे बॅरन सिगिस्मुंड फॉन त्सेडलिट्स यांनी अशा कुत्र्यासाठी लेखणी झिजवली. 1902 मध्ये ड्राटहारची संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी ते वारले.

संघटनेने पुडलपॉइंटर, ग्रिफाँ, श्टिखेलहार, आखूड केसांचा कुर्झहार, जिथे गुण दिसला तिथलं रक्त घेतलं. शुद्ध वंशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या संकराला नावं ठेवली. तरी 1928 मध्ये जर्मनीत जातीला मान्यता मिळाली, आणि मला विचाराल तर तो न्यायच झाला.

त्याच्या पाठीवरून हात फिरवला की कळतं, हे केस शोभेसाठी नाहीत. वरचा थर राठ, अंगाला चिकटलेला, दोन ते चार सेंटिमीटरचा. खाली दाट लोकर. काटेरी जाळीत वरचा थर कातडी वाचवतो, गार पाण्यात खालचा ऊब धरतो. जाड भुवया डोळ्यांना ओरखड्यांपासून जपतात. नर खांद्याशी 61 ते 68 सेंटिमीटर, मादी थोडी लहान. रंग बहुधा तपकिरी-करडा, भुरभुरल्यासारखा.

पण त्याचं खरं वैभव परीक्षांत आहे. पिल्लू वर्षाच्या आसपास असताना वसंतात पहिली: नाक, माग, शिकार दाखवून निश्चल उभं राहणं. शरद ऋतूत दुसरी, त्यात पाण्यातलं कामही. पुढे तयार कुत्र्याची मोठी परीक्षा असते. काम सिद्ध केल्याशिवाय जर्मन संघटना पैदाशीला परवानगी देत नाही. कुत्रा कितीही देखणा असो, या नियमातून सुटका नाही. शंभराहून अधिक वर्षं जात कामाची राहिली ती यामुळे.

अमेरिकेत 1959 मध्ये हाच वंश 'जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर' या नावाने नोंदला गेला. तिथल्या नोंदणीला अशी परीक्षा लागत नाही. म्हणून दाढी-मिशा तशाच असल्या, तरी जर्मन संघटना त्याला ड्राटहार म्हणत नाही.