पेडलनावेची गळती : कारणे आणि उपाय

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण संचयाचे महत्त्व सांगण्यासाठी वापरतो. परंतु ज्या न्यायाने तळे साचते, त्याच न्यायाने नावेचे पोटही भरते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नाव एकाएकी क्वचितच बुडते. बहुधा ती आधी पुष्कळ वेळ गळत असते. ही गळती कोठून होते, ती कशी शोधावी आणि तिच्यावर इलाज कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. तळ्यांच्या शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटू नये.

आपल्या भोपाळचा बडा तालाब राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीला बांध घालून निर्माण केला, अशी परंपरा आहे. त्याखालचा छोटा तालाब १७९४ सालचा. या दोन्ही तलावांची मिळून बनलेली ‘भोज पाणथळ भूमी’ २००२ साली रामसर यादीत समाविष्ट झाली. बड्या तलावाचे पाणी शहराच्या मोठ्या वस्तीला पिण्यासाठी पुरविले जाते. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेथे यंत्रावर चालणाऱ्या बोटींना मनाई करणारा आदेश दिला. तेल न जाळता चालणाऱ्या नावांचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढले आहे. वल्ह्याच्या नावांत भोपाळने नावही कमावले आहे. प्राची यादव हिने येथेच सराव करून २०२३ साली हांगझाऊ येथे भरलेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. तिची कयाक हातांनी वल्हवावयाची. आम्ही सांगणार आहोत ती कयाक पायांनी चालते.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची नाव. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती करीत. कातडी जोडताना सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देण्याची खबरदारी तेथील स्त्रिया घेत, कारण आरपार गेलेले प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला उघडलेले एक दारच! आपल्या कोकणात आणि गोव्यातही फळ्या काथ्याने शिवून नावा बांधण्याची जुनी रीत होती, आणि तेथेही सारी काळजी शिवणीचीच असे. तात्पर्य, नाव कोणतीही असो, पाणी प्रथम सांध्याची वाट शोधते.

आता पेडल-कयाकीकडे वळू. हिच्यात बसणारा सायकलप्रमाणे पेडल मारतो आणि त्या जोराने पाण्यातील पंखा फिरतो, किंवा पेंग्विन पक्ष्याच्या परांसारखी दोन पाती डावीउजवीकडे हलतात. अशा पात्यांचे यंत्र हॉबी या अमेरिकन कंपनीने १९९७ साली बाजारात आणले. यंत्र पाण्यात उतरावे म्हणून नावेच्या मध्यभागी वरपासून तळापर्यंत एक आरपार खाच ठेवलेली असते. तिला आपण ‘कूप’ म्हणू. कूपाच्या भिंती नावेच्या कवचाशी एकजीव असतात. त्यामुळे कूपात बाहेरच्या पातळीइतके पाणी चढते, पण ते नावेच्या पोटात जात नाही. नवखा मनुष्य हे पाणी पाहून घाबरतो. वस्तुतः कूपातील पाणी ही गळती नव्हे. कवच आणि कूप यांच्यामधील बंद पोकळीत पाणी शिरले, तरच ती गळती. आपल्या बोटक्लबावर दिसतात तशा फायबरग्लासच्या पेडलबोटींतही तत्त्व हेच. तेथे चाक फिरविणारा लोखंडी दांडा जेथे भिंतीतून जातो, ती जागा नाजूक असते.

एवढीशी गळती काय करणार, असे कोणी म्हणेल. त्यास गणिताने उत्तर देता येते. पाण्याच्या पातळीखाली १० सेंटिमीटरवर ५ मिलिमीटर व्यासाचे एक छिद्र आहे असे समजा. त्या खोलीवर पाणी सेकंदाला सुमारे १.४ मीटर वेगाने आत येऊ पाहते. छिद्राच्या कडांमुळे धार आकसते, हे जमेस धरले तरी मिनिटाला जवळजवळ १ लिटर पाणी आत येते. म्हणजे तासाभरात ६० लिटर, वजनाने ६० किलो. एक मोठा माणूस गुपचूप नावेत येऊन बसावा तसाच हा प्रकार! शिवाय तो माणूस एका जागी बसत नाही. नाव जरा कलली की आतले पाणी त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. म्हणून गळकी नाव पुष्कळदा भरून बुडण्याआधीच उलटते. किनाऱ्यापासून दूर असलेल्या मुलाच्या जिवाशी या पाच मिलिमीटरांचा संबंध असतो, हे विसरू नये.

गळती यंत्राच्या आसपासच का होते? पेडल मारताना पायांचा सारा जोर यंत्रामार्फत कवचाच्या त्या थोड्याशा भागावर पडतो, तोही एकदा नव्हे, तर हजारो वेळा. तार पुनःपुन्हा वाकविली की जशी तुटते, तसे कूपाचे कोपरे अखेर तडकतात. कोपरा जितका तीक्ष्ण, तितका ताण एकवटतो. उथळ पाण्यात पाती दगडावर आपटली, तर तो धक्काही तेथेच बसतो. यंत्र अडकविण्याच्या कड्यांचे स्क्रू सैल होतात, रबर उन्हाने कडक होते आणि फिरता दांडा आपल्या भोवतीचे सील झिजवितो.

दुरुस्तीपूर्वी निदान हवे. प्रथम झाकणे आणि पाणी काढण्याचे बूच पाहावे. पुष्कळदा चोर तेथेच सापडतो. मग नाव आतून कोरडी करून, कूपाभोवती जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरावेत. किनाऱ्याला दोरीने बांधून, कोणी मोठे माणूस जवळ असताना, पुरेसे वजन ठेवून नाव अर्धा तास नुसती पाण्यात ठेवावी आणि कागद कोठे भिजले ते पाहावे. नंतर तितकाच वेळ पेडल मारून पुन्हा पाहावे. नाव उभी असतानाच पाणी आले, तर दोष स्थिर जागी आहे : तडा, स्क्रू किंवा जोड. केवळ पेडल मारतानाच आले, तर दोष फिरत्या भागाशी आहे, किंवा ताण पडला म्हणजेच उघडणाऱ्या एखाद्या सूक्ष्म तड्याशी आहे. हा भेद ओळखला की अर्धे काम झाले.

नेमकी जागा शोधण्यास सायकलवाल्याची युक्ती उपयोगी पडते. तो ट्यूब घमेल्यातील पाण्यात दाबून बुडबुडे पाहतो. आपण नाव किनाऱ्यावर घेऊन, सारी झाकणे लावून, बुचाच्या छिद्रातून हलकेच हवा भरावी आणि कूपाच्या भिंतींवर व स्क्रूंभोवती साबणाचे पाणी लावावे. जेथे फेस फुगेल, तेथे पेन्सिलीने खूण करावी. हवा हातपंपानेच, आणि तीही थोडीच भरावी. जोराच्या यंत्राने भरल्यास धड कवचही फाटेल.

आता इलाज. स्थिर जागेतील तड्यासाठी कवच कशाचे आहे ते कळले पाहिजे. बहुतेक पेडल-कयाकी पॉलिथिलीनच्या असतात. त्याचा बारीक किस पाण्यावर तरंगतो. फायबरग्लासचा तुकडा बुडतो. पॉलिथिलीनला नेहमीचे डिंक आणि इपॉक्सी नीट धरत नाहीत. वरवर लावलेले ठिगळ काही दिवसांनी सालीसारखे निघून येते. म्हणून तडा त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून सांधावा लागतो. आधी तड्याच्या दोन्ही टोकांशी सुमारे ३ मिलिमीटरचे बारीक छिद्र पाडावे. त्यायोगे टोकाशी एकवटलेला ताण पसरतो आणि तडा पुढे धावत नाही. मग तड्याला ‘व्ही’च्या आकाराची खाच करून, जागा स्वच्छ व पूर्ण कोरडी करून, गरम हवेच्या यंत्राने कवच आणि कांडी दोन्ही एकदमच मऊ करावीत व कांडी खाचेत दाबावी. केवळ कांडी वितळली आणि कवच थंडच राहिले, तर तो जोड नव्हे, नुसता लेप होय. हे काम मोकळ्या हवेत आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

फायबरग्लासच्या बोटीत रीत निराळी. तड्याभोवती चारपाच सेंटिमीटरपर्यंत काचकागदाने उतार देऊन घासावे, जागा पूर्ण वाळू द्यावी आणि काचतंतूंच्या कापडाचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून एकावर एक चढवावेत. घासताना तोंडावर फडके नव्हे, तर धुळीसाठीचा योग्य मुखपट्टा असावा, कारण काचेची बारीक धूळ छातीत जाते. ही धूळ आणि उरलेले रेझिन तलावात मुळीच धुऊ नये. तेच पाणी सायंकाळी आपल्या माठात येणार असते! स्क्रूमधून गळत असेल, तर स्क्रू काढून जुना मसाला खरवडावा, नवा रबरी वॉशर घालावा आणि बेताने आवळावे. अति आवळल्यास प्लास्टिक तडकते व एका गळतीच्या दोन होतात.

फिरत्या दांड्याला मात्र यांपैकी काहीही चालत नाही. तेथे घट्ट चिकटणारा मसाला लावणे म्हणजे दाराची फट बुजविण्यासाठी दारच खिळ्यांनी ठोकून टाकणे होय. तेथे दांडा फिरू देणारे आणि तरी पाणी अडविणारे रबरी सील लागते. नवे सील आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी या तिन्ही मापांनी जुन्यासारखे असावे. त्याची ओठासारखी कड पाण्याच्या बाजूस यावी आणि तिला थोडे ग्रीस लावावे. तत्पूर्वी दांडा वाकलेला किंवा डुगडुगणारा नाही ना, हे पाहणे अगत्याचे आहे. डुगडुगणारा दांडा नवे सीलही थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो. मोठ्या बोटींत सीलऐवजी ग्रीस लावलेल्या सुताच्या वेणीची कडी दांड्याभोवती दाबून बसविलेली असतात. ती इतकीच आवळतात की दांडा फिरताना अधूनमधून एखादा थेंब यावा. तो थेंबच दांडा थंड आणि ओला ठेवतो. तो पूर्णपणे बंद करण्याच्या हट्टाने दांडाच तापून झिजतो.

याचे एक मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. बड्या तलावाचे काही पाणी जमिनीतून झिरपून छोट्या तलावात उतरते, तरी बडा तालाब आपल्या जागी आहे. प्रत्येक ओल म्हणजे संकट नव्हे. ती कोठून येते, किती येते आणि वाढत आहे की काय, हे ठाऊक असणे महत्त्वाचे.

दुरुस्तीनंतर मसाला किंवा रेझिन पूर्ण वाळू द्यावे आणि कागदांची तीच परीक्षा पुन्हा, किनाऱ्यालगतच, घ्यावी. कागद कोरडे राहिले म्हणजेच नाव उत्तीर्ण झाली असे समजावे. तथापि उत्तीर्ण नावेतही जीवरक्षक जाकीट अंगात घातल्यावाचून पाण्यात जाऊ नये. प्रत्येक फेरीनंतर बूच काढून आत किती पाणी जमले ते मोजावे आणि वहीत तारखेसह टिपून ठेवावे. काल पेलाभर, आज तांब्याभर, असे टिपणात दिसू लागले, की नाव किनाऱ्यावर ओढण्याची वेळ झाली असे खुशाल समजावे.