पेटीतल्या न उघडलेल्या रेकॉर्डी

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला आणि दीड तास बोलणं झालं ते एका पत्र्याच्या पेटीवर. गटातल्या एका ताईंचे सासरे भिवंडीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे, सोबत गाण्याच्या रेकॉर्डीही विकायचे. कॅसेटी आल्या आणि उरलेला माल माळ्यावर गेला. सासरे गेले, घराचं काम काढलं, तेव्हा पेटी खाली आली. आत साठेक रेकॉर्डी, त्यातल्या कितीतरींचं प्लास्टिकही फाडलेलं नाही. भंगारवाल्याने अख्ख्या पेटीचे ८०० रुपये सांगितले. ताईंना मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती. त्या हो म्हणणारच होत्या.

आपण भिवंडीकर. जुने माग किलोवर गेलेले आपण डोळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे जुनी वस्तू दिसली की आपल्याला आधी तराजूच आठवतो. पण ही वस्तू नगावर विकायची आहे. आम्ही ताईंना म्हटलं, आठ दिवस थांबा. मग चार जणींनी बसून एकेक रेकॉर्ड पाहिली आणि जाणकारांना विचारलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

रेकॉर्डी दोन जातीच्या. जुन्या, जड, हातातून पडली की काचेसारखी फुटणाऱ्या तबकड्या लाखेच्या. त्यांच्यावर ७८ हा आकडा असतो. नंतरच्या प्लास्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या. मोठी ती एलपी, १२ इंची, आणि लहान ७ इंची ती ईपी. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. आमच्यातली एक जण बाटली घेऊन बसलीच होती!

आता न उघडलेल्या रेकॉर्डीबद्दल. ती उघडायची नाही. गाणं ऐकायचा मोह होतो, पण प्लास्टिक फाडलं की 'नवीकोरी' हा शब्द गेला आणि किंमतही उतरली. मात्र बंद आहे म्हणजे आत सगळं ठीक आहे, असंही नाही. आपल्या पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात माळा तापतो, रेकॉर्ड वाकते. प्लास्टिक आवळून बसलं असेल तर तेही वाकवतं. कव्हरला पावसाळ्यात बुरशी धरते, कसर लागते. शिवाय प्लास्टिक कोणीही नंतर चढवू शकतं, म्हणून घेणारा संशयाने बघणारच, राग मानू नका. आम्ही प्रत्येक रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरून बाक आहे का ते पाहिलं. असेल तर तसं लिहून ठेवलं. खोटं सांगून विकलेला माल परत येतो, तोही आपल्या खर्चाने.

किंमत जुनेपणावर ठरत नाही, इथेच सगळ्यांची फसगत होते. 'शोले'ची रेकॉर्ड गावोगाव वाजली, म्हणजे ती घराघरात पडून आहे. जी तेव्हा विकली गेली नाही, ती आज दुर्मीळ असू शकते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. रेकॉर्ड फारशी चालली नाही. वीस वर्षांनी ती एका डच संग्राहकाच्या हाती दिल्लीत लागली, २०१० मध्ये ती परदेशात नव्याने निघाली आणि जगभर नाव झालं. इंग्लंडात लाखेच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्या, पण आपल्याकडे कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात नंतरही निघत राहिल्या. त्यामुळे बीटल्सच्या भारतीय ७८ च्या तबकड्या परदेशी लोक शोधत असतात. ताईंच्या पेटीत यातलं काहीच नव्हतं, हेही सांगून टाकतो. बहुतेक सिनेमाची गाणी, थोडी नाट्यगीतं.

आम्ही वहीत यादी केली: नाव, कंपनी, कव्हरवरचा क्रमांक, बंद की उघडी, डाग किंवा बाक. पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो काढले. तो क्रमांक महत्त्वाचा, कारण एकच गाणी वेगवेगळ्या वेळी पुन्हा छापलेली असतात आणि पहिल्या छपाईला जास्त मागणी असते. यादी घेऊन दोघी ठाण्याहून लोकलने मुंबईला गेल्या, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर विचारायला. पेटी नेली नाही, यादीच नेली. हे मुद्दाम. माल समोर असला की 'आत्ता देऊन टाका' असा घाई करणारा भेटतो. तीन दुकानांत तीन भाव निघाले. दुकानदार स्वतःचा नफा ठेवणारच, त्यात गैर नाही. स्वतः संग्राहकाला विकलं तर जास्त मिळतात, पण वेळ लागतो आणि पार्सल आपल्याला करावं लागतं. दोन्हीकडून जाड पुठ्ठा, मग खोका, आणि विमा उतरवून पाठवायचं.

मोबाइलवरून एक गिऱ्हाईक आलं, 'पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका' म्हणालं. मैत्रिणींनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ताईंनी फोन ठेवला. आणखी एक: रेकॉर्ड विकायचा आपल्याला हक्क आहे, पण तिच्यातली गाणी पेनड्राइव्हवर उतरवून विकायचा नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच निघाली. पेटी सासऱ्यांची, मग नणंदेचा वाटा? ताईंना विचारायचा धीर होत नव्हता. आम्ही म्हटलं, विकून झाल्यावर कळलं तर कायमची तेढ. नणंदबाईंना बोलावून यादी दाखवली. त्या यादी वाचता वाचता रडल्या. वडील दुकानात लावायचे ती एक नाट्यगीतांची एलपी त्यांनी मागून घेतली, बाकीची भाचीच्या फीला द्या म्हणाल्या, आणि तसं कागदावर सही करून दिलं.

आतापर्यंत एकवीस गेल्या. फीचा पहिला हप्ता भरून झाला, दुसऱ्यासाठी गटातून कर्ज घेतलंय, कारण सगळ्या रेकॉर्डी घाईने काढल्या असत्या तर भाव पडला असता. उरलेल्या आता माळ्यावर नाहीत. खालच्या खोलीतल्या कपाटात, भिंतीपासून जरा दूर, पुस्तकांसारख्या उभ्या लावल्यात.