दोन टनांच्या मशीनमधून दोन टन बर्फ?

मिरकरवाडा बंदरावर मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याला कारखान्याच्या लादीवर विसंबण्यापेक्षा स्वतःचं फ्लेक मशीन बसवावंसं वाटलं, की पहिला प्रश्न असतो ‘किती टनांचं घेऊ?’ घोळ इथेच सुरू होतो, कारण या धंद्यात टन दोन प्रकारचे आहेत.

कॉम्प्रेसरचा टन म्हणजे बर्फाचा टन, हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे तासाला सुमारे ३,०२४ किलोकॅलरी उष्णता काढून घेण्याची ताकद. तेवढ्यात २४ तासांत ९०७ किलो पाणी गोठतं, पण ते आधीच शून्य अंशावर असेल तर. आपल्या टाकीतलं पाणी ३० अंशांचं. ते शून्यावर आणायला किलोमागे ३० किलोकॅलरी आणि गोठवायला ८०, मिळून ११०. म्हणजे दिवसाला १,००० किलो बर्फ हवा, तर दीड टनाहून जास्त रेफ्रिजरेशन लागतं. वाया जाणारी थंडी वेगळीच.

माहितीपत्रकातला आकडाही जपून वाचावा. अनेक क्यूब मशीनच्या पत्रकांत ठळक छापलेलं उत्पादन २१ अंश हवा आणि १० अंश पाणी धरून काढलेलं असतं. मे महिन्यात कोकणात असं पाणी कुठल्या नळाला येतं? नुसत्या पाण्याच्या फरकानेच उत्पादन १८ टक्क्यांच्या आसपास घटतं. त्यात पत्र्याच्या शेडमध्ये कंडेन्सर स्वतःचीच गरम हवा परत ओढत असेल, तर आणखी घट. विक्रेत्याकडून ३५ अंश हवा आणि ३२ अंश पाणी धरून उत्पादन लेखी मागावं. त्याआधी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी थर्मामीटरने मोजून बघा, ३२ हा आकडाही कमी वाटेल.

मासळीला बर्फ किती? किलोभर बांगडा ३० अंशांवरून शून्यावर आणायला हिशेबाने ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. म्हणून ‘एकास तीन’ पुरे, असं धरून चालणारे आहेत. पण हा हिशेब फक्त मासळी थंड करण्याचा. क्रेटच्या भिंतींतून शिरणारी उष्णता, लिलावाला उघडी राहिलेली पाटी, घाटातून कोल्हापूरकडे जाणारा टेम्पो, हे त्यात नाही. उष्ण प्रदेशात किलोला किलो बर्फ धरण्याचा प्रघात म्हणूनच आहे. चांगल्या इन्सुलेटेड पेट्या असतील तर तो कमी होतो, आणि मोठं मशीन घेण्यापेक्षा पेट्यांवर केलेला खर्च मला तरी शहाणपणाचा वाटतो.

आता समजा, रोजची आवक २ टन, म्हणजे बर्फही २ टन. पण तो लागतो पहाटे ५ ते ८ मध्ये. दिवसाला २ टन देणारं मशीन त्या तीन तासांत २५० किलो देईल. ‘मग ४ टनांचं घेऊ,’ असं सुचतं. तेही ५०० किलोच देईल! खरी गरज साठवणीची आहे. आदल्या दिवसभरात आणि रात्री तयार झालेला पावणेदोन टन फ्लेक ठेवायला जागा हवी, आणि फ्लेक जागा फार खातो: टनाला साधारण सव्वादोन घनमीटर, तर लादीच्या चुऱ्याला दीडच्या आत. फावड्याने बर्फ काढायची मोकळी जागा धरून इथे पाचेक घनमीटरची इन्सुलेटेड खोली लागेल. वीज गेली तरी पहाटेचा माल हीच खोली वाचवते.

‘मोठं घेतलेलं कधीही बरं’ हेही तितकंसं खरं नाही. बर्फाची खोली भरली की मशीन थांबतं, पण वाढीव मंजूर भाराचा स्थिर आकार बिलात येतच राहतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीतही तो चुकत नाही. एका मोठ्याऐवजी निम्म्या क्षमतेची दोन मशीनं घेतली, तर मंदीत एक बंद ठेवता येतं आणि एक बिघडलं तरी काम अडत नाही. सुरुवातीला पैसे जास्त जातात, हे खरं. आवक मोजताना बंदी उठल्यानंतरचा एखादा विक्रमी दिवस धरू नये. हंगामातला चांगला, पण नेहमीचा दिवस धरावा. वरचा बर्फ त्या चार दिवसांपुरता कारखान्यातून लाद्या आणून भागवता येतो, फक्त लादी फोडायचं मशीन आणि माणूस आधीच सांगून ठेवावा लागतो.