दुरुस्ती दुकानाचे संकेतस्थळ : ‘छान आहे’ म्हणजे अभिप्राय नव्हे

चंद्रपूर, प्रतिनिधी

जून महिन्यात प्रवेशांचा हंगाम सुरू झाला की उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. नेमक्या त्याच दिवसांत केंद्रचालकाचा संगणक बंद पडला, तर रांगेतील प्रत्येकाचे काम अडते. गडचिरोलीपासून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा भागातून संगणक घेऊन निघण्यापूर्वी ग्राहक मोबाइलवर दुकानाचे संकेतस्थळ पाहतो. तेथे सुटीचा वार चुकीचा असला किंवा कोणती दुरुस्ती होत नाही हे लिहिलेले नसले, तर त्याचा अख्खा दिवस आणि प्रवासखर्च वाया जातो. म्हणूनच चंद्रपूर-गडचिरोलीतील लहान संगणक दुरुस्ती व्यावसायिकासाठी संकेतस्थळाविषयीचा अभिप्राय ही हौसेची नव्हे, निकडीची बाब ठरते.

कोणाला विचारावे?

संकेतस्थळ तयार झाले की मालक ते मित्रांना आणि नातेवाइकांना दाखवतो. ‘छान झाले आहे’ असे उत्तर मिळते. हे सौजन्य झाले. त्यातून दोष कळत नाहीत. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये यावर सोपा मार्ग मांडला. एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात, असे त्यांचे गणित होते. ही सरासरी आहे, हमी नव्हे. मात्र एकदाच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच जणांची चाचणी घ्यावी, दोष दुरुस्त करावेत आणि पुन्हा पाच जणांना बसवावे, हा त्यातील मुद्दा लहान व्यावसायिकाला परवडणारा आहे.

हे पाच जण दुकानाच्या खऱ्या ग्राहकांसारखे असावेत. सेवा केंद्राचा चालक, शाळेतील लिपिक, महाविद्यालयीन विद्यार्थी, छापखान्यातील अक्षरजुळणीकार आणि केवळ मोबाइल वापरणारे एखादे ज्येष्ठ नागरिक असा गट पुरेसा होईल. सिरोंचा भागात तेलुगू, तर मुलचेरा परिसरात बंगाली बोलणारी कुटुंबे आहेत. तेथील ग्राहक येत असतील, तर त्यांच्यापैकी एकाला गटात अवश्य घ्यावे. मजकुरातील मराठी पुरेशी सोपी आहे की नाही, हे त्याच्याकडूनच कळेल.

काय विचारावे?

‘कसे वाटले?’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी काम द्यावे. ‘लॅपटॉपचा पडदा फुटला आहे, तपासणीचे शुल्क किती ते शोधा’, ‘रविवारी दुकान उघडे असते का ते पाहा’, ‘येथून दुकानाला फोन लावा’. त्यानंतर मालकाने शेजारी बसून गप्प राहावे. बोट कोठे अडखळले, कोणता शब्द दोनदा वाचावा लागला, ग्राहकाने कोठे नाद सोडला, याची नोंद घ्यावी. मध्येच समजावून सांगण्याचा मोह आवरावा. दूरच्या ग्राहकाला समजावण्यासाठी मालक तेथे नसतो.

ही चाचणी ग्राहकाच्याच मोबाइलवर आणि शक्यतो संपर्कजाळे क्षीण असलेल्या ठिकाणी घ्यावी. दुकानातील वेगवान जोडणीवर पटकन उघडणारी मोठी छायाचित्रे आडगावात मिनिटभर उघडत नाहीत. मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकात असेल, तर तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि शोधयंत्रालाही तो मजकूर सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच असावा.

उत्तरे कोणती हवीत?

दुरुस्ती झाली नाही तरी तपासणीचे शुल्क लागेल काय, सुटा भाग मागवण्यास किती दिवस लागतील, हमी किती, या प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर असावीत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित पाठबळ थांबवले. त्यामुळे ‘माझ्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालेल का?’ हा प्रश्नही ग्राहकाच्या मनात असतो.

याहून नाजूक प्रश्न विश्वासाचा आहे. काही दुरुस्ती दुकानांत तंत्रज्ञांनी ग्राहकांच्या खासगी फायली उघडल्याचे कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांना २०२२ मध्ये आढळले होते. पासवर्ड केव्हा लागतो, हार्ड डिस्कमधील माहितीला हात लावला जातो का, ती जपण्याची जबाबदारी कोणाची, हे संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले असावे. ते वाचून संगणक निर्धास्तपणे सोपवाल का, असे चाचणीच्या शेवटी विचारता येईल.

अभिप्रायाचे काम येथेच संपत नाही. दुरुस्त झालेला संगणक परत देताना प्रत्येक ग्राहकाला एकच प्रश्न विचारावा : ‘येण्यापूर्वी संकेतस्थळावर काय शोधले आणि काय सापडले नाही?’ उत्तर वहीत टिपावे. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली, तर त्याच संध्याकाळी ते पान बदलावे. त्यामुळे पुढच्या ग्राहकाची एक फेरी तरी वाचेल.